तिसरी हाक

१

तेर्मे म्हातारीचा दिवस चाळीस वर्षं एकाच कामाने उजाडत होता. उठायचं, राख उकरून निखारा वर आणायचा, घोडीचं दूध कोमट करायचं, आणि भांडं हातात घेऊन सरदाराच्या तंबूच्या दाराशी तीन हाका मारायच्या. थंडी असो, ताप असो, आदल्या दिवशी घरात कोणी मेलेलं असो. कंबर वाकली होती, दात चारच उरले होते, पण हाक कधी चुकली नव्हती. तिला आता या कामाचा कंटाळासुद्धा येत नसे. कंटाळा यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

ती सरदाराची नावआई होती. हूणांमध्ये मुलाला जन्म कोणीही देवो, ज्या बाईच्या तोंडून त्याला नाव मिळतं ती त्याची नावआई. ती जिवंत आहे तोवर त्याची सकाळ तिच्या हाकेने व्हायची. पहिल्या हाकेला त्याने गप्प राहायचं, दुसरीलाही गप्पच. झोपेत माणूस नावापासून लांब भटकून आलेला असतो, आणि मोकळं पडलेलं नाव दिसलं की पहिल्या हाकेला काहीही ओ देऊ शकतं. तिसरीपर्यंत धीर धरतो तो जिवंत माणूस. तिसरीला आतून ‘आहे’ असं आलं की मग पडदा उचलायचा. त्याआधी त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, त्याला बोट लावायचं नाही.

सरदाराचं नाव वार्गिस. चाळिशीचा गडी, गालांवर तान्हेपणी सुरीने पाडलेले चरे, त्यामुळे दाढी विरळ. दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहराच्या तटाचा दगड उजव्या गुडघ्यावर पडला तेव्हापासून तो पाय वाकत नसे. राजाने खूश होऊन त्याला तिसा नदीकाठी लाकडी घर बांधून दिलं होतं. वार्गिस त्यात एक हिवाळा झोपला आणि म्हणाला, छप्पर अंगावर येतं. मग भिंती काढल्या, फळ्यांची जमीन तेवढी ठेवली आणि तिच्यावर लोकर कुटून केलेल्या नमद्याचा नेहमीचा तंबू उभारला. त्या फळ्यांवर त्याचं चालणं तेर्मेला झोपेतही ओळखू यायचं. टक, मग पाय ओढल्याची घस. टक, घस.

त्या सकाळी बर्फ पडायचा थांबला होता. तेर्मेने पहिली हाक मारली. भांड्यातल्या दुधावर साय धरत होती तिकडे बघत दुसरी मारली.

“आहे,” आतून आलं.

आवाज बारीक होता. नुकतं बोलायला शिकलेलं पोर शब्द जिभेवर घोळवून बघतं तसा. तेर्मेचा हात पडद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चाळीस वर्षांत दुसऱ्या हाकेला कोणी ओ दिली नव्हती. तिने सवयीने तिसरी हाक मारली, आणि आतून वार्गिसचा नेहमीचा घोगरा ‘आहे’ आला.

“काय रे, आज दोनदा ओ दिलीस?” तिने आत जाऊन विचारलं.

“मी कशाला दोनदा देऊ? एकदाच जिवावर येतं,” वार्गिस दूध घेत म्हणाला. “कान वाजायला लागले तुझे, आये.”

म्हातारपणी कान वाजतात हे खरंच होतं. तेर्मेने ते मान्य करून टाकलं. ती चुलीपाशी परत आली आणि भांडं घासायला बसली.

२

त्याच दिवशी पावलीन तिच्या चुलीपाशी येऊन बसला. हा रोमी कैदी. लिहिता-वाचता येतं म्हणून त्याला शेतावर न लावता सरदाराच्या पत्रव्यवहाराला ठेवलेलं. अकरा वर्षं झाली होती पकडून आणल्याला. पळून जायचा विचार त्याने पहिली सहा वर्षं केला, मग त्याचाही त्याला शीण आला. बोटांना शाई, नाकाला थेंब, आणि चौकशा करायची खोड.

राजाचा सांगावा आला होता. डॅन्यूब गोठली होती, आजपासून पाचव्या दिवशी वार्गिसने फौज घेऊन निघायचं आणि बर्फावरून पलीकडे उतरायचं. पण फौजेबरोबर तिकडच्या बादशहाच्या दरबाराला एक पत्रही जायचं होतं, आणि आमच्याशी बोलणी करणारा हा सरदार कोण, कुठला, कोणाचा, त्याच्या नावाचा अर्थ काय, ते सगळं त्या दरबाराला पत्रात हवं होतं. कुळाशिवाय माणूस त्यांना समजत नसे. म्हणून पावलीन दोन दिवस छावणीभर वार्गिसचा जन्म आणि नाव गोळा करत फिरत होता.

“तुझ्या या लेकाचं नाव प्रत्येकाला आपल्याच घरचं वाटतं,” तो म्हणाला. “गॉथ लोहार म्हणतो, आमच्या भाषेतला लांडगा. अलान घोडेस्वार म्हणतात, छे, आमच्यात लाडक्या पोराला असंच म्हणतात. तुमचे लोक म्हणतात, आपली जुनी वार नदी, तिच्या काठी जन्मला म्हणून वार्गिस. कोणाचं लिहू?”

“नदीचं लिही,” तेर्मे म्हणाली. “नदीचंच आहे.”

पावलीनने बोरू कानामागे खोवला. त्याला हे ऐकायचं होतं आणि नव्हतंही. त्याने सरदाराच्या चुलत्याकडून जन्माचीही हकीगत घेतली होती. वार्गिस जन्मला तो दुष्काळात, खाऱ्या तळ्यावरच्या तळावर. वार नदी तिथून घोड्यावर चार दिवस लांब. त्या साली तर ते नदीपाशी फिरकलेही नव्हते, आदल्या उन्हाळ्यात तेवढी ओलांडली होती.

“मग नदी आली कुठून?” त्याने विचारलं.

तेर्मे लाकूड सारत राहिली. एवढी वर्षं कोणी हा हिशोब मांडला नव्हता. ज्यांना माहीत होतं ते मेले, जे जिवंत होते त्यांना नाव म्हणजे हाक मारायची सोय वाटायची. हा शेंबडा रोमी अकरा वर्षं तिच्या हातचं खाऊन बसला होता आणि आज उठून नेमकं तिथेच बोट ठेवत होता.

“लिहायचं ते लिही,” ती म्हणाली. “मला कामं आहेत.”

३

दुसऱ्या दिवशी तिने भांडं खाली ठेवलं आणि कान देऊन उभी राहिली. आत वार्गिसचा श्वास ऐकू येत होता, जड आणि संथ. छावणीत अजून कोणी हललं नव्हतं. तिने पहिली हाक मारली.

“आहे.”

कालच्यापेक्षा स्पष्ट. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा आवाज, आणि त्यात एक उतावीळपणा, जणू बराच वेळ दारामागे उभं राहून वाट बघितली होती. आतला जड श्वास मध्ये तुटला नाही, तसाच चालू होता. तेर्मेने तो नीट ऐकला. झोपलेला माणूस श्वास चालू ठेवून बोलू शकत नाही, एवढं तिला कळत होतं.

तिने उरलेल्या दोन हाका कशाबशा मारल्या. वार्गिसने तिसरीला ओ दिली, पण आवाज बसलेला होता.

ती त्याच्यापाशी फळ्यांवर बसली. सगळं नाही, पण आवाज ऐकू येतो एवढं तिने सांगितलं. वार्गिस हसला नाही. रणात वीस वर्षं काढलेली माणसं असल्या गोष्टींना हसत नाहीत, फक्त कंटाळतात. स्वयंपाकातल्या गॉथाची चेष्टा असेल, तो आवाज काढण्यात पटाईत आहे, असं तो म्हणाला. मग ठरलं की उद्या पहिल्या दोन हाकांना वार्गिस जागा राहून तोंडावर हात दाबून धरेल, आणि गॉथाला पहाटेच घोड्यांकडे पाठवायचं.

“आणि तरी आला आवाज तर?” तेर्मेने विचारलं.

“तर त्यालाच पाठव मोहिमेवर,” वार्गिस म्हणाला. त्याने गुडघा चोळला. “खरं सांगू, आये? या खेपेला मला जायचं नाही गं. काल तटबंदीचं स्वप्न पडलं तर भीतीसुद्धा वाटली नाही. नुसता वीट आला. माझ्या जागी कोणी जात असेल तर जाऊ दे बापडा.”

“असं बोलू नये,” तेर्मे म्हणाली.

“का? कोण ऐकतंय?”

तिने त्याच्या खांद्यावर कातडं नीट केलं. चाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या मानेवर तोच खळगा होता, जो ती पाजताना बघायची. या पोरावर तिचा जीव होता. तो आपलाच आहे असं तिने स्वतःला इतकी वर्षं बजावलं होतं की आता ते जवळजवळ खरं झालं होतं.

४

तिसऱ्या सकाळी तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर पडायच्या आत तंबूच्या आतून ‘आहे’ आलं.

मिसरूड फुटत्या वयाचा, चिरकणारा आवाज.

तेर्मे भांडं टाकून आत धावली नाही. तसं करता येत नाही. तिने तीन हाका पुऱ्या केल्या. तिसरीला आतून फळीवर मुठीची थाप आली. आत गेली तर वार्गिस दोन्ही हात तोंडावर दाबून बसला होता, डोळे लाल. हात काढले तरी त्याला बोलता येईना. घशातून नुसती हवा यायची. गॉथ तिकडे लांब घोड्यांकडे होता, त्याला पन्नास लोकांनी पाहिलं होतं.

वार्गिसने बोटाने तंबूची मागची बाजू दाखवली. तिथे नमद्याला आतून एक फुगवटा आल्यासारखा दिसत होता, माणसाने पाठ टेकावी एवढा. दोघं बघत राहिली. वारा पडलेला होता. थोड्या वेळाने नमदा हळूहळू सरळ झाला.

दुपारी तेर्मे स्वतःच पावलीनकडे गेली. त्याच्या खोपटात चामड्याचे तुकडे आणि शाईचा वास होता. ती खाली बसली आणि म्हणाली, लिहू नकोस, नुसतं ऐक.

ती तेव्हा जुन्या सरदाराकडे दासी होती. वार नदी ओलांडताना ओल्या काठावरच तिला मुलगा झाला, म्हणून तिने त्याचं नाव वार्गिस ठेवलं. गुटगुटीत पोर. चार महिन्यांनी, खाऱ्या तळ्यावर, सरदाराच्या बायकोला मुलगा झाला आणि आठवड्यात तापाने निळा पडायला लागला. त्याला ठेवलेलं नाव लागत नव्हतं, म्हणजे हाक मारली तर तो डोळे फिरवत नव्हता. तळावरच्या भगताने जुना उपाय सांगितला. धडधाकट पोराचं नाव काढून आजाऱ्याला द्यायचं. ज्याचं काढलं त्याला वसंतापर्यंत बिननावाचं ठेवायचं, त्याला कोणी हाक मारायची नाही, बोलायचं नाही, आईनेसुद्धा. गवत फुटलं की नवं नाव.

“तुला जबरदस्ती केली,” पावलीन म्हणाला.

“नाही,” तेर्मे म्हणाली. “विचारलं मला. चुलीपाशी जागा मिळेल म्हणाले, दासीपण सुटेल म्हणाले. मी मान हलवली.”

तिने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही, फक्त फार थकवा आला. सरदाराचा मुलगा तिच्या दुधावर तीन दिवसांत गुलाबी झाला. आणि तिचा, पलीकडच्या तंबूत, आधी रडला, मग हुंकारायला लागला, मग दाराकडे बघत पडून राहायला लागला. त्याला कोणी पाजायचं टाकलं नव्हतं. फक्त हाक मारत नव्हते. नऊ दिवस ती स्वतःच्या तोंडावर हात दाबून बसली, चुकून हाक जाऊ नये म्हणून. नवव्या दिवशी तो गेला. त्याच्या गालांना अजून सुरीसुद्धा लागली नव्हती.

“आमच्यात मेलेल्याला नावाने सांगतात, जा बाबा,” ती म्हणाली. “त्याला सांगायला नाव नव्हतं. तसाच पुरला. तो गेलाच नाही, पावलीन. चाळीस वर्षं रोज सकाळी मी त्याचं नाव घेऊन तीनदा हाका मारते. तो ऐकतोय. ओ द्यायला शिकला.”

पावलीनच्या नाकाचा थेंब पडला तरी त्याने पुसला नाही. तो आपल्या धर्माचं काही पुटपुटला. मग, बोलायचं म्हणून बोलला की त्याला दुसरं नाव दे आणि सांग जायला. चांगलं, नवं नाव.

५

दुपार कलायच्या आत ती तिसेवर गेली. नदीचा काठ गोठला होता, पण इथे ओढ जोराची, म्हणून मधली धार अजून काळी वाहत होती. तेर्मेने ओटीत मूठभर राळे आणि दुधाची वाटी आणली होती. ती काठावर बसली आणि तिने त्याला नावं देऊन पाहिली. आपल्या बापाचं दिलं. भावाचं दिलं. राजाच्या घराण्यात शोभेल असं एक दिलं. प्रत्येक नावापुढे म्हणाली, जा बाबा, आता मोकळा हो.

काही हललं नाही. नदी वाहत राहिली. तिला वेड्यासारखं वाटलं, थडीवर बसून हवेला नावं वाटणारी म्हातारी. कान वाजत असतील, नमदा वाऱ्याने फुगला असेल, वार्गिसचा घसा थंडीने बसला असेल. वेगवेगळं धरलं तर सगळ्याला कारण होतं. तिने राळे पाण्यात टाकले आणि उठली.

उठताना पाठ धरली, आणि दर उठण्याबसण्याला तोंडात येतं तसं तिच्या तोंडात ते नाव आलं. नुसतं पुटपुटली.

“आहे,” अगदी कानापाशी आलं. भरल्या गळ्याचा पुरुषाचा आवाज.

ती मागे वळली नाही. बर्फात तिच्या एकटीच्या पावलांची रांग होती ती बघत बघत ती छावणीत परतली. वाटेत तिला कळून चुकलं की त्याला दुसरं नाव चालणारच नव्हतं. त्याने जन्मात एवढंच एक ऐकलं होतं.

चौथ्या सकाळीही वार्गिसने तिसऱ्या हाकेला फळीवर थाप मारूनच ओ दिली. त्या दिवशी तो छावणीत फिरला, पण लोकांचं त्याच्याकडे लक्ष जात नव्हतं. माणसं त्याच्याशी बोलता बोलता मध्येच दुसरीकडे वळत. त्याचा म्हातारा कुत्रा त्याला हुंगून दूर जाऊन बसला. वार्गिस संध्याकाळी तिच्या चुलीपाशी आला, पाय पसरून बसला आणि खुणेने म्हणाला, उद्या नीट हाक मार. तिला त्याचा हात हातात घ्यावासा वाटला, तो तिने घेतला. हात थंड होता.

मोहिमेच्या दिवसाची हाक वेगळी असते. सरदार तंबूत एकटा. फौज घोड्यांवर. नावआई तंबूकडे पाठ करून उभी, समोर त्याचा खोगीर घातलेला घोडा. ती तीन हाका मारते. तिसरीला तो आतून ओ देतो, तिच्या पाठीमागून येऊन घोड्यावर चढतो आणि मागे न बघता निघतो. तीही त्याच्याकडे बघत नाही. त्या भगताने तिला तेव्हा सांगून ठेवलं होतं की हाक गळ्यातून निघत नाही, पोटातून निघते, आणि पोटात जो असेल त्यालाच पोचते. म्हणून उद्या पोटात कोण ठेवायचं ते तिने ठरवून टाकलं. मेलेला चाळीस वर्षं मेलेलाच होता. जिवंत होता त्याला परत आणायचं होतं. ती रात्रभर वार्गिसच्या खुणा मोजत पडून राहिली, मानेवरचा खळगा, भाजलेलं बोट, वाकत नाही तो गुडघा.

६

सकाळ स्वच्छ होती. घोड्यांच्या नाकांतून वाफा निघत होत्या. तीन हजार माणसं उभी होती आणि खोगिरांच्या कातड्याशिवाय कशाचा आवाज नव्हता. पावलीन पत्र घेऊन एका बाजूला उभा होता. नावाचा अर्थ त्याने नदीचाच लिहिला होता.

तेर्मे तंबूकडे पाठ करून उभी राहिली. डोळे मिटून तिने खळगा आठवला, बोट आठवलं, गुडघा आठवला. पहिली हाक मारली.

आत शांत.

तिला हायसं वाटलं. दुसरी हाक मारली. पुन्हा शांत. कोणीतरी धीर धरून होतं. तिने मनात म्हटलं, झालं, आता एकच, बाळा, घसा खाकरून ठेव. तिने तिसरीसाठी श्वास घेतला.

आणि तिची छाती दाटून आली. चाळीस वर्षं आटलेली, सुरकुतून पोटाला टेकलेली छाती, ती अचानक दगडासारखी भरली आणि दुखली. तेव्हा पलीकडच्या तंबूत रडणं ऐकू आलं की दुखायची तशीच. झग्याच्या आत काहीतरी ऊन ऊन ओघळलं. ती एवढी दमलेली होती. चाळीस वर्षं तिने हा आवंढा गिळला होता आणि आता तिच्यात गिळायचं बळ नव्हतं. हाक तोंडाबाहेर पडली तेव्हा तिच्या पोटात खळगा नव्हता, बोट नव्हतं, गुडघा नव्हता. दाराकडे बघत पडलेलं एक गुटगुटीत पोर होतं.

“वार्गिस,” तिने हाक मारली.

“आहे,” आतून आलं. मोकळा, खणखणीत आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

फौजेने गर्जना केली. तेर्मेच्या पाठीमागे पडदा वर गेला आणि फळ्यांवर पावलं वाजली. टक, टक, टक, टक. दोन्ही पायांवर सारखा भार टाकणारी, घाईची पावलं. ती तिच्या इतक्या जवळून गेली की झग्याला वारा लागला, आणि त्या वाऱ्याला ओल्या काठाचा वास होता. घोडा एकदा फुरफुरला आणि गप्प झाला. शिरस्त्राण आणि कातड्याचा अंगरखा वार्गिसचेच होते. स्वार उजवा पाय सहज वाकवून चढला.

बघायचं नसतं हे तिला माहीत होतं. तिने बघितलं. त्याने शिरस्त्राणाची वादी ओढायला मान कलती केली, आणि कानाजवळ गालाचा एक तुकडा उन्हात आला. गुळगुळीत होता. एकही चरा नव्हता.

मग तो निघाला आणि त्याच्यामागे तीन हजार घोडी निघाली. बायका नाव घेऊन ओरडत होत्या. सगळ्यांच्या तोंडी तेच नाव, आणि सगळ्यांना ते बरोबर वाटत होतं. पावलीनचे ओठ पांढरे पडले होते. तो तिच्याकडे बघत होता की तिच्या मागच्या तंबूकडे, ते तिला कळलं नाही. मग त्याने पत्र छातीशी धरलं आणि तोही फौजेमागे चालू लागला.

तळ रिकामा झाला. घोड्यांनी तुडवलेल्या बर्फावरून वाफ निघत होती. तेर्मेला दुधाचं भांडं आठवलं, ते चुलीवरच राहिलं होतं. ती वळली.

पडदा परत खाली आलेला होता. त्याच्या आत, फळ्यांवर, कोणीतरी चालत दारापर्यंत आलं. टक, घस. टक, घस. पडद्याशी येऊन थांबलं. तिला त्याचा जड श्वास ऐकू येत होता. तो बाहेर येत नव्हता. लहानपणापासून तिनेच त्याला शिकवलं होतं की तिसऱ्या हाकेशिवाय बाहेर यायचं नाही.

तेर्मेने तोंड उघडलं. हाक मारायला तिच्यापाशी नाव उरलं नव्हतं. ती तशीच उंबऱ्याशी खाली बसली. नमद्याला आतून एक हात टेकला, बोटांचा उठाव दिसत होता, त्यातलं एक बोट भाजून आखडलेलं. या खेपेला तिला स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरायचीही गरज नव्हती.